टाकीला सांगितलेली खोटी बातमी

सांडपाणी केंद्रातल्या मोठ्या टाकीशी मास्तरीण रोज सकाळी बोलायची. तिची शाळा चौथीत सुटलेली. नाव पडलं ते अख्ख्या केंद्राला तिचा धाक होता म्हणून. टाकीतले जंतू शहराची घाण खातात, मग त्यांना घरच्यासारखं वागवायला नको? लोखंडी पुलावरून वाकून काचेच्या भांड्यात गाळ भरता भरता ती त्यांना घरातलं सगळं सांगे.

त्या आठवड्यात बातमी एकच. मुलाच्या पायाची जखम चिघळली होती, तो दवाखान्यात तापानं फणफणत होता, आणि दोन अँटिबायोटिकं वाया गेली होती.

सून केंद्राच्याच लॅबमध्ये. गाळातले जंतू ती बशीत वाढवी आणि वर औषधांत भिजवलेल्या सहा चकत्या ठेवी. औषध लागू पडलं की चकतीभोवती स्वच्छ कडं उमटे. शहरानं घेतलेली औषधं गटारातून टाकीत येतात, जंतू त्यांना सरावतात, कडी बुजतात. पण त्याला महिने लागतात.

"आई, हे बघा. तिसरं औषध यांना दवाखान्यात आज दुपारी सुरू होणार. त्याचं कडं काल बोटभर होतं. आज गायब."

"अजून पोराच्या नळीत गेलं नाही, तोवर?"

"गावात कुणालाच दिलेलं नाही हे."

तिसऱ्यानं ताप हलला नाही. चौथ्याचं कडंही आदल्या दिवशीच बुजलं, आणि चौथंही फुकट गेलं.

मास्तरीण बशीकडे बघत राहिली. मग तिचे कान तापले.

"सूनबाई, औषधाचं नाव मीच सांगितलं गं. दोन्ही वेळा. टाकीला. इथल्यांनी पोराच्या जखमेतल्यांना खबर दिली."

"तुम्ही टाकीशी बोलता?"

"मग काय भिंतीशी बोलू? आता ऐक. डॉक्टर उद्या पाचवं देणार ना? मी जाऊन सहावं सांगते."

या वयातही ती पुलावर पळत गेली. सहाव्याचं नाव तिनं दोनदा, ठासून सांगितलं.

सकाळी सहाव्याचं कडं नव्हतं. पाचव्याचं चांगलं रुंद होतं.

दुसऱ्या दिवशी सून दवाखान्यातून धापा टाकतच आली. ताप उतरला होता. मास्तरणीनं तिला धरून लॅबभर फिरवलं.

"खोटं बोलायला मला कुणी शिकवू नये. तुझ्या हातच्या पहिल्या जेवणाची तारीफ कुणी केली होती?"

"आई, औषध अजून पाच दिवस द्यायचंय. तोंड बंद ठेवा."

"शिवलं समज."

ती तशीच भांडं घेऊन पुलावर गेली. अंगात नुसतं वारं भरलं होतं. पंप घरघरत होते, टाकीभर फेस उसळत होता. एवढ्यात कमरेचा फोन वाजला. मुलगा होता. आवाज खणखणीत, चार दिवसांनी पहिल्यांदा.

"आई, बरं वाटतंय. मला कोणतं औषध देतायत गं?"

तिनं ओठ घट्ट मिटले.

"आई? थांब, बाटलीवर लिहिलंय. वाचतो."

खाली टाकीतला एकूण एक बुडबुडा जागच्या जागी थांबला. पंप चालूच होते.