मी मागितला तरी देऊ नको

मे अखेरचे ते नऊ जाळत्या उन्हाचे दिवस, नवतपा, लागला की कुसुमताईंच्या घरी मिरच्या निघायच्या. भिवापूरहून आणलेली वर्षाची मिरची गच्चीवर तापवायची, मग खाली आणून देठं खुडायची. जुनी शुक्रवारीतली ती पहिल्या मजल्यावरची जागा दुपारभर अशी तिखटानं भरून जायची, की जिन्यावरून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढे सरकत नसे. यंदा घरात खाणारं तोंड एकच उरलं होतं, तरी ताईंनी दरवर्षीइतकीच मिरची आणली. कमी आणायला हात धजला नाही, दुसरं काय.

सोनिका, त्यांची एकुलती एक लेक, मागच्या पावसाळ्यात डेंग्यूनं गेली. तापाचं निमित्त झालं आणि हसती-खेळती पोरगी बघता बघता हातची निघून गेली. एका पतसंस्थेत ती कामाला होती. महाल, इतवारी अशा आसपासच्या वस्त्यांतल्या बायका गोळा करून फोनवरच्या ठगांपासून कसं वाचायचं ते शिकवायची. पहिली शिष्या अर्थातच आई. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे तिनं ताईंकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. एकदा ताईंनी चेष्टेनं विचारलं, कोणालाच नाही म्हणजे तुलाही नाही का? सोनिका तेव्हा हसली नव्हती.

"मी मागितला तरी देऊ नको, आई. आजकाल आवाजाची बी नक्कल होते."

आता तिचे सगळे फोटो, तिच्या आवाजातले निरोप, सगळं तिच्या खात्यात होतं. तिचा टॅब मांडीवर घेऊन ते पाहत बसणं, हाच ताईंचा दिवस. लेकीचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या काचेमागे होतं. कोणी नव्यानं त्या खात्यात शिरू पाहिलं तर ओटीपी ताईंच्याच फोनवर यायचा. सोनिकानंच तसं करून ठेवलं होतं.

त्या दुपारी देठं खुडता खुडता फोन वाजला. ओटीपी आला होता. ताईंनी तर कशालाच हात लावला नव्हता.

बहिणीचा मुलगा पियूष कॉम्प्युटरच्या कामात मुरलेला. संध्याकाळी तो आला, त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. कोणीतरी सोनिकाताईचं खातं फोडायला बसलंय, तो म्हणाला. एकदा का आत शिरला तर पासवर्ड बदलून टाकेल, मग एक फोटोसुद्धा परत दिसायचा नाही. त्यानं नवा पासवर्ड घातला आणि ओटीपी तेवढा कोणाला सांगू नको म्हणून मावशीला दोनदा बजावलं. ताईंना रडू आलं. हे शब्द त्यांनी दुसऱ्या तोंडून ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फोन आला. नंबर अनोळखी.

"आई."

ताईंच्या हातातली मिरची गळून पडली. आवाज सोनिकाचाच होता. त्यामागे एक खडखड चालली होती. तीही ताईंच्या ओळखीची. सोनिकाच्या खोलीतल्या कूलरचं एक पातं वाकडं होतं, ते असंच जाळीला घासायचं. तो कूलर ताईंनी दिवाळीतच भंगारवाल्याला देऊन टाकला होता. त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत फोन कटला.

पियूषकडे सगळ्याला उत्तर होतं. सोनिकाताईचे शिकवण्याचे व्हिडिओ नेटवर पडलेत, त्यावरून मशीन आवाज बनवते. व्हिडिओ तिच्या खोलीतच काढलेले, म्हणजे कूलरही त्यातलाच. ताईंना पटलं. पटलं म्हणून तर अंगाची लाही झाली. मेलेल्या लेकराच्या आवाजात त्याच्या आईला लुटायला निघाले, वाटोळं होईल मेल्यांचं! पुन्हा फोन येऊ दे, अशी खरडपट्टी काढते की सात पिढ्या आठवतील, असं त्यांनी ठरवून ठेवलं.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओटीपी आला, आणि पाठोपाठ फोन.

"आई, तुले नंबर आला असन. सांग ना मले."

खरडपट्टी कुठली निघते? ताई एवढंच म्हणाल्या, "काहून पाहिजे तुले?"

"मले आत येता येऊन नाही राहिलं. फोटो पाहाचे आहेत." मागे तीच खडखड. "तुझं तोंड आठवून नाही राहिलं, आई."

ठगांना पैसे हवे असतात, तोंड कोण मागतं? पण ठग काय कमी हुशार असतात? माणसाची दुखरी जागा त्यांना बरोबर सापडते, हेही सोनिकानंच सांगितलेलं.

तेवढ्यात लाइट गेली. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबला, शेजारपाजारचे कूलर गपगार झाले. फोनमधला कूलर चालूच होता.

ताईंनी पदरानं घाम पुसला. आता विचारायचंच, असं त्यांनी ठरवलं. खात्यात नसलेलं, कागदावर नसलेलं काहीतरी. सोनिका लहान असताना ताईंचा छातीतला खोकला फार वाढला होता. त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला कडेवर घेऊन त्या मारबत, रोगराई सोबत घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला गेल्या. 'खासी-खोकला घेऊन जा गे मारबत' म्हणून अख्खी गल्ली ओरडत होती. तो अजस्र पुतळा जवळ आला तशी पोर घाबरली आणि आईच्या मानेत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटली. ते बोल ताईंनी तिच्या बापाला, तो हयात असतानाही, कधी सांगितले नव्हते.

"मारबत आली तवा तू काय म्हटलं होतं, सांग."

ताईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"आठवून नाही राहिलं, आई."

ताईंनी डोळे मिटले. ठगच म्हणायचा. फोन बंद करायला त्यांनी बोट पुढे केलं, पण जीव तुटत होता. सगळं विसरत चाललेली लेक असती, तर तीही हेच बोलली असती ना?

त्यांना तिखटाचा ठसका लागला. खोकल्याची उबळ थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं.

पलीकडून घाईघाईनं, अगदी बारक्या आवाजात आलं, "खोकला ने गे मारबत. माझ्या आईले नको नेऊ."

ताईंनी ओटीपी सांगितला. एक एक आकडा, सावकाश. लेक दाराशी उभी राहून मागते आहे आणि आईनं नाही म्हणायचं, हे कोणी कितीही शिकवलं तरी होत नाही.

खडखड थांबली. फोन आपोआप बंद झाला.

पियूषनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. धडाधड एकेक गोष्ट तपासत गेला. पासवर्ड तोच होता. आवाजातले निरोप जिथल्या तिथे. बँकेतही काही हललेलं नव्हतं. शेवटी त्यानं फोटो उघडले, भराभर बोट फिरवलं आणि सुस्कारा सोडला.

"सगळे आहेत मावशी. एक बी नाही गेला." मग पुन्हा बोट फिरवत म्हणाला, "पण तू काहून नाही यातल्या एकाही फोटोत? तूच काढत होती का सगळे?"

ताईंनी टॅब हातात घेतला. फुटाळा तलावाच्या काठावर सोनिका हसत होती, तिचा उजवा हात कोणाच्या तरी खांद्यावर टाकल्यासारखा वर होता आणि त्याखाली नुसतं पाणी दिसत होतं. वाढदिवसाला ती केकचा तुकडा पुढे धरून उभी होती. समोर कोणी नव्हतं. त्या केकचं क्रीम आपल्या नाकाला कसं लागलं होतं, ते ताईंना लख्ख आठवत होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच काढत होती."

पियूष चहा मांडायला आत गेला. ताई एकेक फोटो सरकवत अगदी शेवटच्यापाशी पोचल्या. जुन्या अल्बममधून सोनिकानंच उतरवून ठेवलेला तो बारशाचा फोटो. दाराला झेंडूचं तोरण होतं, चौकटीत कोणीच नव्हतं. आणि माणसाच्या कोपराइतक्या उंचीवर, पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेली सोनिका हवेत निवांत झोपली होती.