झमोऱ्याचा ताप

“त्या देशाला हात लावू नका! रंग ओला आहे,” हॉस्पिटलला निघताना मम्मीने बजावलं.

सेलीनने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. दार लागताच ती, धाकटा विल्यम आणि वरच्या मजल्यावरची सुगरा पुठ्ठ्यावरच्या नकाशावर ओणवी झाली. दोह्यातल्या उन्हाळी सुट्टीत दुसरं करणार तरी काय!

देशाचं नाव होतं झमोरा. एका विहिरीभोवती लाल ठिपके, खाली लिहिलेलं : ताप, जुलाब, उलट्या.

“हा देश अ‍ॅटलासमध्ये नाहीच!” पानं उलटून विल्यम दमला.

“तुला ओमान सापडत नाही, झमोरा कुठला सापडायला!” सुगरा हसली. मग एकदम थांबली. “ए, जालिंदरकाकांनाही ताप-जुलाबच झालेत ना?”

तिघं तळमजल्यावर धावली. ड्रायव्हर जालिंदरकाकांचे खोलीतले सोबती गावी गेले होते. काका एकटेच पडून होते. ओठ पार सुकलेले.

“काका, खरं सांगा, तुम्ही झमोऱ्याला गेला होता?”

“कुठं? आरं पोरांनो, इथल्याच उम सईद गावाच्या पल्याड गेलो न्हाई म्या!”

सेलीनने मम्मीला वॉर्डात फोन लावला. “मम्मी, झमोऱ्याचा ताप आपल्या बिल्डिंगमध्ये आलाय!”

“अगं वेडे, तो देशच नाही! साथ कुठून आली ते शोधणं नर्सेसना शिकवायला मी तो तयार केलाय. काकांना काय होतंय?... ऐक, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून पाजत राहा. मी निघालेच!”

“देशच नाही, तर ताप आला कुठून?” काकांना ते पाणी पाजताना विल्यम गोंधळला.

“पण ठिपके विहिरीभोवतीच का?” सुगरा पुटपुटली. “काका पाणी कुठलं पितात?”

फाटकाबाहेरच्या कूलरचं! येणाऱ्या-जाणाऱ्यांची तहान भागावी म्हणून घरमालकाने तो लावला होता. वरची बिऱ्हाडं पाणी उकळून प्यायची, काका तिथूनच बाटली भरायचे.

मम्मी येऊन काकांना हॉस्पिटलात घेऊन गेली. कूलरचं पाणी खराब आहे म्हणताच बिल्डिंगचे मॅनेजर सायमन अंकल उखडले. “टाकी स्वच्छ आहे! खलास, विषय संपला! जा, खेळा!”

पण कूलरला पाणी पुरवणाऱ्या जमिनीखालच्या टाकीला लागूनच धुण्याच्या पाण्याचं गटार होतं आणि त्याच्या सिमेंटला तडे गेले होते. सेलीनने मिठाईच्या गुलाबी रंगाची अख्खी बाटली त्या गटारात ओतली. कुणी चुकून पिऊ नये म्हणून सुगराने कूलरच्या नळाला फडकं गुंडाळलं.

सकाळी विल्यमने फडकं सोडून पेला भरला. “अंकल, स्वच्छ पाणी घ्या ना!”

“हे... गुलाबी कसं?”

“रंग आम्ही गटारात टाकला होता!”

अंकलच्या हातून पेलाच सुटला! त्याच दिवशी कूलर बंद झाला आणि टाकी उपसायला माणसं आली.

हॉस्पिटलात सलाइन लावल्यावर काका उठून बसले. “शाब्बास, पोरांनो!” डॉक्टर म्हणाले. “आणखी उशीर झाला असता, तर...” मम्मीने पुढचं बोलू दिलं नाही. तिने तिघांना घट्ट जवळ घेतलं.

बाळांनो, तुमच्याही बिल्डिंगमध्ये कुणी एकटं राहत असेल. दोन दिवसांत दिसलं नसेल, तर हे पुस्तक बाजूला ठेवा. मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि त्यांचं दार वाजवून या. आत्ताच. जाल ना?