म्हातारी न होणारी मागणी

सकाळी ताई कंपनीत आल्याआल्या फोन वाजला. इस्पितळातून.

"तुमचं मशीन पुन्हा रुसलंय! रुग्ण टेबलावर, आणि मेंदूचं चित्र अर्धवट!" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

ताईने पर्सही खाली ठेवली नव्हती. कर्नेल म्हणजे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा पार तळ; तिथल्या चुका उपसणं हे तिचं काम. उपसून उपसून ती विटली होती.

साहेबांनी गुन्हेगार आधीच ठरवला होता. "डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्राम, अण्णांचा. चित्राचा तुकडा आणायची मागणी तोच गिळतो. मागण्यांची रांग लावणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय, तो चोख आहे. संध्याकाळपर्यंत दुसरं काही सापडलं नाही तर अण्णांना नारळ."

अण्णा खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

"अण्णा, मागणी तुम्ही गिळलीत का?"

"नाही गं. रांगेतून ती माझ्यापर्यंत आलीच नाही, तर गिळू कशी?"

"साहेबांना सांगितलंत?"

"ते आलेख नाचवतात. रांगेत कुणी क्षणभरही ताटकळत नाही म्हणे."

ताईने आलेख पाहिला. कुठे उंचवटा म्हणून नाही. इतकं शहाणं मशीन तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिने इस्पितळात फोन लावला.

"चित्र अडलं की तुम्ही काय करता?"

"काय करणार? पुढचा तुकडा, मागचा तुकडा, बटणं बडवते."

"मग?"

"मग वैतागून हात धुवायला जाते. परत येते तर चित्र हजर! मेलं चिडवतं मला."

"आत्ता अडलंय ना? मग कशालाही हात लावू नका."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग, "अगंबाई! आलं की!"

दुपारी ताईने कंपनीच्या मालकीणबाईंच्या खोलीत साहेबांना बोलावून घेतलं.

"डिस्कवरून वाचणारा हात जवळची कामं आधी उरकतो, नाहीतर हेलपाटेच फार. लांबची मागणी उपाशी राहू नये म्हणून प्रत्येकीचं वय, म्हणजे ती किती वेळ ताटकळली ते, मोजतात. फार जुनी झाली की तिला आधी घ्यायचं. शेजारशेजारच्या मागण्या आपण एकत्र बांधतो, तेव्हा वय जुनीचं धरायला हवं. इथे नवीचं धरलंय. डॉक्टरीणबाईंनी शेजारचा तुकडा मागितला की अडलेली मागणी पुन्हा तान्ही! त्यांनी बटण सोडलं की तिचं वय वाढायचं आणि पाळी यायची."

"पण आलेख?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तोही तेच खोटं वय मोजतो. म्हणून एवढा देखणा. आलेख असा दिसावा म्हणूनच वयाचा हा बदल झालाय."

"कुणी केला?"

"रांगेला हात लावणारा इथे एकच माणूस आहे."

साहेबांनी घाम पुसला. "गिऱ्हाइकांना दाखवायच्या प्रात्यक्षिकापुरता केला होता. काढायचा राहून गेला."

"आणि आळ अण्णांवर घालायचा तेवढा राहिला नाही," ताई म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं.

ती अण्णांकडे गेली. ते टेबलाचा खण रिकामा करत होते.

"अण्णा, चूक तुमची नव्हती."

"ते मला ठाऊकच होतं."

"मग थांबा ना! मालकीणबाईंनीच निरोप दिलाय."

"थांबलो असतो गं. पण इतक्या दिवसांत 'तुम्ही केलंत का' असं तू एकटीने विचारलंस. बाकी सगळ्यांनी 'का केलंत' एवढंच विचारलं."

त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरले. ताईला रडू आलं.