आठी कुठून येते

जिन्यात त्या माणसाने तिला डोळा मारला. एकदा नाही, तीनदा! सकाळपासून चहाचा घोट न मिळालेल्या बाईला! तिने कपाळावर अशी आठी घातली की दुसरा कोणी असता तर दोन पायऱ्या मागे सरकला असता. हा मात्र बघतच राहिला.

दहा मिनिटांनी तोच तिच्या टेबलासमोर. पेशंट. कानाखालची गाठ काढताना नस दुखावलेली, चेहऱ्याची डावी बाजू मेलेली. मिटायला दोन्ही पापण्या जायच्या, मिटायची फक्त उजवी. नऊ वर्षं लोकांना चेहऱ्याचे व्यायाम शिकवणारी ही बाई, आणि जिन्यात सपशेल फसली!

"सॉरी हं..." ती पुटपुटली.

"असू दे. दोन्ही पापण्या चालत असत्या, तर मुद्दाम मारला असता."

"गप्प. आरशात बघा. आठी पाडा."

उजव्या भुवईने उडी मारली. डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत.

"कोणावर तरी चिडा की!"

"तुमच्यासमोर बसून? नाही जमत बुवा."

तो वाचनालयात पुस्तकं बांधायचा. जाताना म्हणाला, "आठी हा शब्द कुठून आला, माहितीये? डाव्या बाजूला पडली की सांगेन."

मग रोज तेच. ती अंदाज बांधायची, तो उडवून लावायचा.

"पहिली आठी आठव्या पोरानंतर पडली असेल."

"च्यक्!"

"कोणाच्या तरी सासूचं नाव असेल."

"आता जवळ आलात..."

फरशी पुसणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "बाई, व्यायाम त्याच्या तोंडाला सांगितलाय. गाल तुमचेच वर चाललेत!"

त्याचा डावा डोळा सारखा पाझरायचा. ती कापसाने टिपायची.

"रडत नाहीये. नळ गळतोय," तो म्हणायचा.

"माहितीये."

नस जागी व्हायला डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत दिली होती. सहाव्या महिन्याच्या शेवटी सुया टोचून तपासणी झाली. रिपोर्ट तिनेच वाचून दाखवला. डावी नस गप्प होती. आता ती बोलणार नव्हती.

त्याने कागदाची घडी घातली. नखाने कड दाबली, पुस्तकाच्या पानाची दाबतात तशी.

"म्हणजे उद्यापासून यायचं नाही."

"नाही..." तिने आरसा पालथा ठेवला. "शब्द तरी सांगा."

"मला माहीतच नाही. कोश माझ्याकडे बांधायला येतो. मी पाठीला खळ लावतो अन् परत पाठवतो."

"काय? सहा महिने तुम्ही मला—" तिच्या कपाळावर कडकडीत आठी पडली.

"हीच," तो हळूच म्हणाला. "जिन्यातली. हिच्यासाठी यायचो. माझी काही पडत नाही, हे तिसऱ्याच महिन्यात कळलं होतं."

"माझ्या आठीसाठी?"

"गाठ काढल्यापासून जो तो कीव करतो. आईसुद्धा माझ्याशी हळू आवाजात बोलते. चिडलं कोणीच नाही. तुम्ही चिडलात... चांगल्या धडधाकट माणसावर चिडावं तशा."

तिने सवयीने कापूस घेतला, हात डाव्या डोळ्याकडे नेला... आणि मध्येच थांबवला. उजवा डोळाही भरला होता.

"हा नळ कधीपासून?"

"आत्ताच."

तिने आधी तो टिपला. आठी अजून तशीच होती.

"उद्या या," ती म्हणाली.

"व्यायामाला?"

"आता कसला व्यायाम! भांडायला या."