एकतीस सेंटिमीटरचं भांडण

राग आला की मी फार बोलते, आणि त्या दिवशी तर मी नुसती धुमसत होते. नाहीतर लाँचमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, पलीकडच्या काठाचा इंजिनिअर ठार अडाणी आहे, हे मी कशाला सांगितलं असतं?

“ठार?” त्यानं विचारलं. ओठ गंभीर होते, डोळे मात्र हसत होते.

“ठार! पुलाचा एक अर्धा भाग आमचा, एक त्याचा. मधोमध जुळायला नकोत? तर नकाशात त्याचा भाग आमच्यापेक्षा एकतीस सेंटिमीटर वर! वीतभर आणि वर चार बोटं! पुलावर काय पायरी बांधायची?”

“आणि तुमचाच तेवढा खाली असेल तर...?”

“तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?”

त्यानं बाकाखालून उंची मोजायची पट्टी ओढून काढली. माझ्याकडे होती अगदी तशीच, लाल-काळ्या आकड्यांची. “थोडंफार कळतं,” तो म्हणाला. “तो अडाणी मीच.”

नावाडीकाका खो-खो हसले. मला नदीत उडी मारावीशी वाटली — आधी त्याला ढकलून.

खरं तर गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हतीच. आमची नदी म्हणजे दोन देशांची सीमा. सीमेवरचे पूल आणि वीजवाहिन्या यांसाठी दोन्ही सरकारांनी मिळून एक निधी काढला होता. अर्ज सात वर्षांतून एकदा, तोही दोन्ही काठांनी मिळून करायचा. त्यांच्याकडे वीज उतू जात होती, आमच्याकडे दवाखाना होता. पूल झाला की त्याच्या पोटातून वीज इकडे येणार आणि वरून पेशंट. माझी आई त्याच दवाखान्यात नर्स. वीज गेली की ती मोबाइलच्या उजेडात सलाईन लावते आणि घरी येऊन मला विचारते, “तुमच्या पुलाचं घोडं अडलंय कुठं?” एकतीस सेंटिमीटरवर अडलंय, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून मोजायला घेतलं. तो पट्टी धरायचा, मी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचे.

“पट्टी सरळ धरा!”

“सरळच आहे. तुम्ही आकडे बघा ना... माझ्याकडे कशाला बघताय?”

“मी? तुमच्याकडे? तोंड बघा!”

आता दुर्बिणीतून माणूस इतका जवळ दिसतो, त्याला मी काय करू? दाढी करताना हनुवटीला लागलेलं सुद्धा दिसत होतं. वाऱ्यानं वहीचं पान उडायला लागलं, तेव्हा ते दाबायला आमचे दोन्ही हात एकदमच आले... आणि आधी कुणी उचलायचा, हे काही लवकर ठरेना.

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. चूक कुणाचीच नव्हती.

“तुम्ही उंची कुठून मोजता?” त्यानं विचारलं.

“समुद्रसपाटीपासून. सगळं जग मोजतं.”

“हो, पण... कोणत्या समुद्राच्या?”

मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या देशाला समुद्र वेगळा, आमच्या देशाला वेगळा. त्यांचं शून्य आमच्या शून्यापेक्षा एकतीस सेंटिमीटर खाली. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलेलं हे! आम्ही दोघंही कान धरून हसलो.

आमचे साहेब मात्र हसले नाहीत. “अर्जात पातळीचा रकाना एकच आहे. त्यात आपलाच आकडा जाईल,” ते म्हणाले. “दुसऱ्याचा लिहायला आपला समुद्र काय खोटा आहे? आकडा बदललात तर बदलीची तयारी ठेवा.” पलीकडच्या साहेबांनी तर त्याला नोकरीवरून काढायची लेखी तंबीच दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन समुद्र इतकी वर्षं सुखानं नांदतायत आणि दोन साहेब एका रकान्यात मावेनात! तिकडे माझी आई मोबाइल दातांत धरून शीर शोधतेय, त्याचं कुणाला काही आहे?

प्रत्येक काठानं आपला कागद आपापला पाठवायचा होता. शेवटच्या दिवशी मी आमचा आकडा खोडला आणि त्याचा लिहिला. बदली तर बदली, त्याची नोकरी तरी राहील. हे सगळं पुलासाठी चाललंय, असं मी स्वतःला तीनदा बजावलं.

चार दिवसांनी निधी कार्यालयाचं पत्र आलं. ‘दोन्ही अर्जदारांनी एकमेकांचा आकडा लिहिल्याने फरक कायम आहे. दोन दिवसांत एकच पातळी कळवावी, अन्यथा अर्ज बाद होईल.’

मी तशीच धक्क्यावर धावले. तो लाँचमधून उतरत होता, हातात तेच पत्र.

“कुणी सांगितला होता हा मोठेपणा?” मी कडाडले. “नोकरी गेली असती ना!”

“आणि तुमची बदली झाली असती, त्याचं काय?” तोही पहिल्यांदाच चिडला.

“तुमचा आकडा बरोबर होता!”

“तुमचाही होता!”

“मग स्वतःचा बरोबर आकडा खोडताना जिवावर नाही आलं?”

“आलं. पण तू इथून लांब जाणार, हे... हे नसतं चाललं मला.”

तू! मी पुढचं भांडण विसरले. तो कानापर्यंत लाल झाला. नावाडीकाका उगाच दोर गुंडाळत बसले.

“काका,” शेवटी मी म्हटलं, “मधल्या खडकावर न्या आम्हाला.”

नदीच्या मधोमधचा तो खडक दोन्ही सरकारांच्या कागदात कुणाचाच नाही. त्यानं छिन्नीनं खूण कोरली, मी तिच्याशेजारी शून्य रंगवलं. तिथून आपापल्या काठावरची पुलाच्या पातळीची खूण किती उंच, ते दोघांनी वेगवेगळं मोजलं. आकडा एकच आला. एकाच कागदावर त्यानं सही केली, खाली मी केली. शिक्का कुणाचाच नव्हता. फोटो पाठवला आणि ओल्या खडकावर पाय सोडून बसून राहिलो. तासाभरानं उत्तर आलं... पातळी जुळली, अर्ज दाखल.

मी रडले. रागानंच रडले, कारण एवढ्याशासाठी सगळी सात वर्षं पाण्यात जाणार होती.

“पूल व्हायला पाच वर्षं तरी लागतील,” तो हळूच म्हणाला. “तोवर तुम्ही... म्हणजे तू...”

“पाच वर्षं कोण थांबणार?” मी डोळे पुसत त्याच्यावर खेकसले. “उद्या पहिल्या लाँचनं आईला घेऊन येते तुझ्या घरी. आणि तिच्यासमोर मला पुन्हा ‘तुम्ही’ म्हणालास ना, तर बघ!”