सहा नंबरच्या वायरवर कोण होतं?

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मीही भुताखेतांच्या गोष्टींना हसणाराच माणूस. पण ही गोष्ट ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मेहुणा आहे. तो खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, हे मी लग्नापासून बघत आलोय.

हे सांगताना त्याचे कान पांढरेफटक होते.

आणि रात्रीची गोष्ट नाही बरं का ही. रविवार होता. भर दुपार. बाहेर डोळे दिपतील असं ऊन.

मेहुणा कॉम्प्युटरवाला. पण आपल्या घरातल्या कॉम्प्युटरचा नाही. काही कंपन्यांत अजून एक जुनं मशीन असतं. फ्रिजएवढं काळं धूड. कंपनीचा सगळा कारभार त्याच्या पोटात, आणि कारकुनांसमोर नुसते पडदे. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. ते मशीन चालवणारी माणसं आता बोटावर मोजण्याएवढी उरलीत. मेहुणा त्यातला एक.

तरी आठ महिने घरी बसून होता.

बायको शिकवण्या घेऊन घर चालवत होती. ती एका शब्दाने बोलली नाही, हेच त्याला जास्त लागायचं. आमच्याकडे आला तरी तोंड लपवून बसायचा.

मग एका स्पेअर पार्ट्सच्या कंपनीतून फोन आला. तिथल्या मॅडमनी शनिवारी त्याला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"आमचे हेडमास्तर तीन आठवड्यांपूर्वी गेले."

हेडमास्तर म्हणजे त्या मशीनचे जुने ऑपरेटर. सव्वीस वर्षं तिथे होते. सगळ्यांवर खेकसायचे, म्हणून हे नाव पडलं. मशीनला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, कुणाला काही शिकवलं नाही.

"कोपऱ्यातल्या त्या केबिनमध्येच गेले. सकाळी उघडलं तर खुर्चीत बसलेले. समोर पडदा चालूच." मॅडमच्या आवाजात दुःख नव्हतं. "दुसऱ्या दिवशी सगळं उचकटून भंगारात दिलं मी. पडदा, टेबल, वायर. खुर्ची तेवढी ठेवली, चांगली होती."

"आणि माझं काम?"

"हॉलमध्ये बारा नवे पडदे आहेत. उद्या पाचपर्यंत ते चालू झाले तर नोकरी तुमची. नाही झाले तर माझ्याकडे दुसरा माणूस तयार आहे."

बाई तोंडावर बोलणारी. मेहुण्याने मान डोलावली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही.

रविवारी सकाळी नऊला तो पोचला. वॉचमनने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाचला कुलूप लावणार मी. आत राहिलात तर माझी जबाबदारी नाही."

मशीन काचेच्या खोलीत होतं. त्याच्यासमोर एक टेबल, एक पडदा. आणि ती खुर्ची... काळी, उंच पाठीची, बसून बसून खोलगट झालेली.

मेहुणा बसला.

आता थोडं समजून घ्या. या मशीनचा नियम कडक. प्रत्येक पडद्याची आत एक नोंद करावी लागते. तिला डिव्हाइस डिस्क्रिप्शन म्हणतात. पडद्याचं नाव काय, प्रकार कुठला, तो कितव्या नंबरच्या वायरवर आहे, सगळं त्यात. शाळेतल्या हजेरीपटासारखं. पटावर नाव नाही तर वर्गात प्रवेश नाही.

दुपारी दोनपर्यंत मेहुण्याने बाराही नोंदी केल्या. काचेपलीकडे हॉलमधले बारा पडदे उजळले. पोटात घास नव्हता, पण गडी खूश.

आणि तिथेच गाडं अडलं.

पडदे उजळले, पण त्यांच्यावरून काम करायचे अधिकार द्यायला मुख्य युजर लागतो. त्याचा पासवर्ड मॅडमनी पाकिटात घालून दिला होता. मेहुण्याने तो टाकला.

मशीनने उत्तर दिलं, या पडद्यावरून परवानगी नाही.

पुन्हा टाकला. तेच.

तासभर डोकं खाजवल्यावर कळलं. हेडमास्तरांनी पाचर मारून ठेवली होती. मुख्य युजर चालणार तो फक्त 'हेड-एक' नावाच्या पडद्यावरून. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पडद्यावरून. तो भंगारात गेला होता, आणि त्याची नोंदही कुणीतरी पुसली होती.

"मेला तरी किल्ली कमरेलाच," मेहुणा मोठ्याने म्हणाला. एकटाच होता, म्हणून म्हणाला.

मग त्याने या धंद्यातली माणसंच करतील अशी युक्ती केली. मशीनला चेहरा दिसत नाही, त्याला फक्त नोंद कळते. मग 'हेड-एक' नावाची नवी नोंद करायची आणि तिच्यावर आपला पडदा लावायचा. मशीनला वाटेल हेडमास्तरच बसलेत.

टेबलाच्या खणात जुन्या नोंदीचा छापील कागद सापडला. मेहुण्याने ओळ न् ओळ उतरवली. नाव, प्रकार, वायर नंबर सहा. एंटर दाबलं. नोंद चालू केली.

आणि जीभ चावली.

वायरचा नंबर स्वतःच्या पडद्याचा टाकायला हवा होता. सहा नंबरची वायर तर हेडमास्तरांची, उचकटलेली. घाईत कागदावरचंच उतरलं गेलं. काही बिघडलं नव्हतं म्हणा. पलीकडे पडदाच नाही म्हटल्यावर मशीन नुसतं वाट बघत राहणार. मेहुणा बदलायला वळला.

नोंदीपुढे शब्द आला...

वापरात.

वापरात याचा अर्थ एकच. सहा नंबरच्या वायरच्या टोकाला पडदा आहे. चालू आहे. आणि त्याच्यासमोर कुणीतरी बसलंय.

तो उठला. वायरींचा जुडगा धरत धरत भिंतीकडेने कोपऱ्यातल्या केबिनपर्यंत गेला. दार ढकललं.

रिकामी खोली.

खिडकीतून ऊन येत होतं. फरशीवर टेबलाच्या चार पायांचे डाग. भिंतीतून वीतभर वायर बाहेर आलेली, पक्कडीने तोडलेली, टोकाला चिकटपट्टी. त्यावर पेनने लिहिलेलं, सहा.

त्याने वायर हातात धरली. पलीकडे काहीच नव्हतं.

काचेच्या खोलीतून बीप ऐकू आला.

तो परत आला, बसला. पडद्याच्या तळाशी एक ओळ होती. या मशीनवर एका पडद्यावरून दुसऱ्यावर निरोप पाठवता येतो. पाठवणाऱ्याचं नाव आधी येतं.

हेड-एक. दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावतोस?

मेहुण्याने खाली वॉचमनला फोन लावला.

"वर कुणी आलंय का?"

"तुमच्याशिवाय चिटपाखरू नाही. का? घाबरलात?"

"नाही हो. सहज विचारलं."

त्याने नोंद पुसायला घेतली. मशीन म्हणालं, वापरात आहे, पुसता येत नाही. बंद करायला घेतली. तेच उत्तर. शेवटी त्या पडद्यावर जो कोणी होता त्याला जबरदस्तीने बाहेर काढायचा हुकूम दिला.

गेला.

तीन सेकंदं गेली. चार...

वापरात.

हेड-एक. कॉपी करून पास होणारी पोरं मी वर्गात ठेवत नाही.

हेड-एक. ऊठ.

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. त्याने स्वतःला समजावलं, मॅडमचा तो दुसरा माणूस असेल, बाहेरून कुठूनतरी खोडी काढत असेल. मला पळवून लावून नोकरी लाटायची असेल.

तेवढ्यात हॉलमध्ये एक पडदा वाजला.

बीप.

मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. ओळीने, सावकाश, कुणीतरी बाकांमधून चालत यावं तसं. बारावा पडदा काचेच्या अगदी लगत होता. तो वाजला आणि थांबलं.

काचेतून मेहुण्याला बाराही पडदे दिसत होते. सगळ्यांवर एकच शब्द.

ऊठ.

तो अर्धा उठलासुद्धा. खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर चपला न घालता पळालो असतो. पण त्याच्या डोळ्यांसमोर घर आलं. शिकवणी संपल्यावर पाय चोळत बसणारी बायको आली. आठ महिन्यांची ती गप्प नजर आली.

आणि त्याला राग आला. भीतीपेक्षा मोठा.

तो परत बसला. दाणदाण बटणं दाबत त्याने निरोप लिहिला.

"आठ महिने घरी बसलोय. तुमचं आयुष्य झालं जगून. माझं घर यावर आहे. मी उठणार नाही. काय करायचं ते करा."

पाठवला.

एसीचा आवाज बंद झाला.

ट्यूबलाइटचं गुणगुणणं बंद झालं. रस्त्यावरचा हॉर्न नाही, पंखा नाही, काही नाही. फक्त हिरवी अक्षरं. मेहुणा म्हणतो, त्याला स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता... पण एक श्वास ऐकू येत होता. मागून. उंच पाठीच्या त्या खुर्चीच्या बरोब्बर मागून.

तो वळला नाही.

हेड-एक. मग बस. तिथेच बस.

त्याच्या पडद्यावर नव्या नोंदीचा कोरा फॉर्म उघडला. मेहुण्याचे हात मांडीवर होते. तरी अक्षरं उमटू लागली. एक... एक... करून. दोन बोटांनी टाइप करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या वेगाने.

नावाच्या रकान्यात माझ्या मेहुण्याचं नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

वायर नंबर, सहा.

मालक, हेडमास्तर.

आणि खाली... वापरात.

मग एसी सुरू झाला. मागचा श्वास थांबला. हॉलमधल्या बाराही पडद्यांवर कामाची यादी आली, सगळे अधिकार दिलेले, सगळं चोख. 'हेड-एक'ची नोंद पटावरून नाहीशी झाली होती. घड्याळात पाचला दहा कमी.

वॉचमन वर आला तेव्हा मेहुणा खुर्चीतच होता. "झालं का काम?" या प्रश्नाला "झालं" म्हणाला, पण उठायला पाच मिनिटं लागली.

सोमवारी नोकरी पक्की झाली.

तुम्ही म्हणाल, गेलाच कशाला परत? अहो, पगार चालू झाल्यावर बायको पहिल्यांदा हसली होती. तिला काय सांगणार? त्याने ती स्वतःच्या नावाची नोंद पुसायचा प्रयत्न रोज केला. रोज एकच उत्तर, वापरात आहे. शेवटी त्याने मनाची समजूत घातली. एक ओळ आहे पटावर, राहू दे. आपल्याला खात तर नाही.

दोन महिने बरे गेले.

मग एक दिवस बिलं काढणाऱ्या मुलीने त्याच्याशी बोलणं बंद केलं. मग गोदामवाल्याने. मॅडमनी आत बोलावलं.

"काम तुमचं उत्तम आहे, मान्य. रात्री दोनला निरोप टाकला तरी मिनिटात उत्तर येतं. पण भाषा सांभाळा. ती पोरगी काल रडत घरी गेली."

"मी काय लिहिलं?"

मॅडमनी कागद पुढे सरकवला. मेहुण्याने तो वाचला. पाठवणाऱ्याच्या जागी त्याचं नाव. तारीख बुधवारची. त्या बुधवारी तो तापाने फणफणून घरी झोपला होता.

त्याने राजीनामा लिहिला. पडद्यावरूनच पाठवला. मॅडमना तो मिळालाच नाही. कागदावर लिहून दिला, तर मॅडम हसल्या. "अहो, आत्ताच तर तुमचा निरोप आला की कागद फाडून टाका म्हणून. काय चाललंय तुमचं?"

त्यानंतर तो तिकडे गेलाच नाही. आज तीन आठवडे झाले.

पगार मात्र वेळेवर जमा झाला. पूर्ण हजेरीचा.

परवा रविवारी मेहुणा आमच्याकडे जेवायला आला. आमची ही त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, "किती वाळलास रे" म्हणत होती. ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने हे सगळं मला सांगितलं. सांगून झालं आणि त्याचा फोन वाजला. मॅडमचा होता. त्याने स्पीकरवर टाकला.

"थँक्यू हं. आज रविवारीसुद्धा येऊन एवढं बसलात, मानलं तुम्हाला. मी काचेतून हात केला, तुम्ही मान वर केली नाहीत. चालू द्या, डिस्टर्ब करत नाही."

फोन बंद झाला.

मेहुण्याने ताट बाजूला सरकवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला,

"दाजी... मी आत्ता इथे बसलोय ना?"

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. त्याचा हातही धरला.

हात गार पडला होता. आणि त्याची बोटं माझ्या मुठीत हलत होती. दोनच बोटं... सावकाश, एकेक करून, काहीतरी टाइप करत असल्यासारखी.