ट्रेमधला ओला चाकू

विश्वास ठेवा, नका ठेवू. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य, आमच्या डोंगरातलं छोटं कोर्ट. बाहेर गुडघाभर बर्फ.

माझा मामा ऑरिन शेरीफचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचा, डेप्युटी आहे. कोर्टाची राखण राज्याने शेरीफच्या माणसांना कंत्राटाने दिलीय. दाराच्या आत जबाबदारी यांची. दाराबाहेर नाही.

आमच्याकडे जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात चाकू असतो. आत येताना तो ट्रेमध्ये ठेवायचा, जाताना उचलायचा. ट्रेमध्ये चाकू उरला म्हणजे माणूस अजून आत आहे. तोवर कुलूप लावायचं नाही.

त्या दुपारी गावातल्या मेरिएलची तारीख होती. नवऱ्याने, डुएनने, तिचा हात मोडला होता. त्याने तिच्या आसपास फिरकू नये, असा हुकूम तिला हवा होता.

डुएन आलाच नाही. हुकूम मिळाला.

दारावर मामासोबत दुसरी डेप्युटी, लोरेट होती. ती त्याला चिडवायला लागली, "काय दरारा आहे रे तुझा. गडी दारापर्यंतसुद्धा आला नाही."

तेवढ्यात दारातला मेटल डिटेक्टर वाजला...

दारात कोणीच नव्हतं.

मामाने ट्रेकडे पाहिलं. आत एक चाकू. हाडाच्या मुठीचा.

ओला... पाणी निथळत होतं.

लोरेटने शपथ घेतली, मी कोणाचा घेतला नाही म्हणून.

मेरिएल जिना उतरत होती. चाकू दिसला आणि ती पायरीवरच बसली. तो डुएनचा होता.

दोघांनी सगळी इमारत पालथी घातली. खोल्या, संडास, तळघर.

कोणी नाही.

मग फोन आला. डुएनची गाडी सकाळीच तळ्यावरचा बर्फ फुटून खाली गेली होती. कोर्टात यायला गोठलेल्या तळ्यावरून जवळची वाट धरली होती त्याने. प्रेत आत्ता वर काढलं.

मामाला वाटलं, सुटली बिचारी.

ती मात्र उठेना.

"काका, चाकू आहे ना अजून ट्रेमध्ये?"

"आहे."

"मग तो आतच आहे. तुमचाच नियम ना हा."

कोर्ट बंद करायची वेळ झाली होती. मामाने कंत्राट गेलं उडत म्हटलं आणि तिला गाडीपर्यंत सोडून आला.

परत येतो तर ट्रे रिकामा...

लोरेट भिंतीला चिकटून उभी. ती म्हणाली, तुम्ही दोघं बाहेर पडलात आणि तुमच्या मागोमाग डिटेक्टर वाजला.

मामाने लगेच मेरिएलला फोन लावला. उचलला नाही. लावत राहिला. शेवटी घरी पोचल्यावर तिने उचलला.

"काका, ओसरीवर तुम्हीच आहात ना? बुटांचा बर्फ झटकताय..."

"पोरी, दार उघडू नकोस."

ती अगदी हळू म्हणाली, "किल्ली आहे त्याच्याकडे."

फोन कटला.

मामा गाडी दामटत पोचला. दार सताड उघडं. ओसरीवरच्या बर्फात तिच्याच पावलांचे ठसे. दुसरे नाहीत.

मेरिएल स्वयंपाकघरात होती. कोट अंगातच. टेबलावर दोन ताटं मांडत होती.

मामाने विनवलं, आमच्याकडे चल. तिने नकारार्थी मान हलवली.

"हुकूम दाखवला मी त्याला, काका. त्याने वाचला..."

"...आणि बसला."

मामा अजूनही त्या रस्त्याने जातो. तिच्या घरापाशी गाडी हळू करतो. थांबत नाही.

मी एकदा विचारलं, आत का जात नाहीस?

म्हणाला, "जाऊन करू काय?"